कार्डावरचे पाच, वाळूतले दोन

पत्र थोडक्यात: पुण्यातल्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. लष्करातून निवृत्त झालेल्या आजोबांनी दीड वर्षापूर्वी त्याला गोल्फ कोर्सवर नेलं, पोराला खेळ आवडला, कोचिंग सुरू झालं. गेल्या महिन्यात लहान मुलांची सहा होलची, म्हणजे बॉल घालायच्या सहा भोकांची, स्पर्धा झाली. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो पुढे. प्रत्येक मूल आपलं कार्ड आपणच लिहीत होतं. चौथ्या होलवर त्याचा बॉल बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, अडकला. आईने कडेच्या वाटेवरून सात फटके मोजले, मुलाने कार्डावर पाच लिहिले. एकूण ३३ भरले, तिसरा नंबर आला, पदक मिळालं. त्याच्याच बॅचमधली एक मुलगी ३४ वर चौथी आली. रात्री आईने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “लहान आहे, सोडून दे. आता परत केलं तर पोराची लाज निघेल आणि बाबांचीही.” आजोबांनी पदकाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला आहे. आई विचारते, “माझा मुलगा खोटारडा होतोय का? एवढा खर्च करून त्याला हेच शिकवलं का? पदक परत करायला लावू, गप्प बसू, की हा खेळच बंद करू?”

ताई,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली. ३३ आणि दोन, ३५. म्हणजे चौथी आलेली ती मुलगी खरं तर तिसरी आहे. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन जाते. तिच्याबद्दल मला बोलायचंच आहे, पण आधी तुमच्या मुलाबद्दल.

तुम्ही लिहिलंय की बंकरमध्ये त्याने दोनदा स्टिक मारली, वाळू उडाली, बॉल जागचा हलला नाही आणि तिसऱ्यांदा बाहेर आला. तुमचे सात आणि त्याचे पाच यांत फरक दोनाचा. वाळूत वाया गेलेले फटकेही दोनच. आता आठ वर्षांच्या पोराच्या बाजूने बघा. बॉल हललाच नाही, तर फटका कसला? सोसायटीच्या क्रिकेटमध्ये पहिला बॉल ‘ट्रायल’ असतो. धाकट्यांना ‘लिंबूटिंबू’ करून घेतात, ते आउट झाले तरी बॅट सोडत नाहीत आणि कुणी हरकतही घेत नाही. या जगातून तो गोल्फ कोर्सवर आलाय. गोल्फचा नियम मात्र कडक आहे. बॉल मारायचा म्हणून स्टिक फिरवली की तो फटका झाला, बॉलला लागो न लागो. नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसांच्याही हे पटकन गळी उतरत नाही. तुमच्या मुलाला हे कुणी बसवून सांगितलंय का? कोचने सांगितलंच असेल असं धरू नका. ग्रिप शिकवतात, स्विंग शिकवतात, पण मोजायचं कसं ते प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने शिकवलं असेल.

तेव्हा ‘खोटारडा’ हा शब्द थोडे दिवस बाजूला ठेवा. घरात तो एकदा उच्चारला गेला की मुलाच्या अंगाला चिकटतो.

अर्थात त्याला नियम माहीत होता आणि तरीही त्याने पाच लिहिले, हेही शक्य आहे. तसं असेल तर तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावरचं एक वाक्य परत वाचा. तुम्ही ते सहज लिहून गेलात: “शनिवारी गाडीत बसल्याबसल्या बाबा विचारतात, किती झाले? कमी झाले असतील तर वाटेत आइस्क्रीम. जास्त झाले असतील तर घर येईपर्यंत कुणी बोलत नाही.” ताई, दीड वर्षात असे किती शनिवार झाले असतील? आकडा लहान असला की गाडीत हसू येतं, मोठा असला की गाडी गप्प होते, हे त्याला चांगलं कळलंय. त्या दिवशी हातात पेन्सिल होती आणि आकडा त्यानेच लिहायचा होता. त्याने घरासाठी पाच लिहिले असतील.

यात तुमच्या यजमानांना दोषी ठरवायचं नाही. लेकराशी बोलायला काहीतरी हवं म्हणूनही बाप ‘किती झाले’ विचारतो. पण मुलाला त्यातला फक्त आकडा ऐकू जातो.

गोल्फबद्दल मी जरा अधिकाराने बोलते, कारण माझे वडील लष्करात होते आणि बहुतेक प्रत्येक छावणीत एक कोर्स असायचा. एका ठिकाणी पाण्याची टंचाई होती, तिथे हिरवळीचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत जागा, नव्हतंच. तेल कालवलेल्या वाळूचा गोल होता, त्याला ‘ब्राऊन’ म्हणायचे. सगळ्यांचं पटिंग, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकलणं, झालं की गोणपाटाचा तुकडा ओढून पावलांच्या खुणा पुसायच्या, ते काम माझं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. गोणपाट ओढताना माझ्या कानावर एकच गोष्ट पडायची. होल संपला की प्रत्येक जण आपला आकडा मोठ्याने सांगायचा. “चार.” “पाच.” आणि बाबा, ज्यांच्या युनिटमध्ये त्यांना घाबरणारी शेकडो माणसं होती, ते चार ज्युनियर अफसरांसमोर म्हणायचे, “आठ.” आवाज जराही खाली न आणता. मग पुढच्या टीकडे, म्हणजे पुढच्या होलचा पहिला फटका मारायच्या जागेकडे, चालू लागायचे. मोठ्या माणसाला आठ लागू शकतात आणि त्यानंतरही चहा मिळतो, हे मला तिथे कळलं. कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं.

तुमच्या मुलाने कधी आजोबांचा आठ ऐकलाय का? की आजोबा त्याच्यासमोर फक्त त्याचेच फटके मोजतात?

आता पदक. तुम्ही तीन वाटा लिहिल्यात, मला चौथीही दिसते.

गप्प बसणं सगळ्यात सोपं. तुमच्या यजमानांची काळजी मला समजते, मुलाची चारचौघांत शोभा होऊ नये हे अगदी बरोबर. पण शोकेसमधलं ते पदक रोज त्याच्या डोळ्यांसमोर असणार. चूक नकळत झाली असेल तर पुढे कधीतरी नियम कळेल तेव्हा त्याला ते टोचेल. जाणूनबुजून झाली असेल तर आत्ताच टोचतंय. आणि तुम्ही सात मोजलेत हे त्याला माहीत असेल, तर आईला ठाऊक आहे आणि आई बोलत नाही, हेही तो मनात ठेवेल. शिवाय ती मुलगी आहे. ३४ फटके खरे मोजून ती रिकाम्या हाताने घरी गेली. तिच्याही घरी गाडीत कुणी विचारलं असेल, किती झाले. तुमच्या घरातल्या कुणाचीही लाज तिच्या पदकापेक्षा मोठी नाही, आणि हे मी मऊ करून सांगणार नाही.

दुसरी वाट म्हणजे त्याला सगळ्या बॅचसमोर उभं करून कबूल करायला लावायचं. हे कृपा करून करू नका. अशाने पुढच्या वेळी मूल चूक जास्त सफाईने लपवायला शिकतं. तिसरी, त्याच्या नकळत तुम्ही जाऊन पदक देऊन यायचं. त्यात त्याच्या हातून काहीच घडत नाही, फक्त एक दिवस पदक दिसेनासं होतं. आणि खेळ बंद करणं ही तर शिक्षाच, तीही मोजणीच्या चुकीला खेळाची.

मी असं करेन. एका निवांत संध्याकाळी, बाबा घरी असताना, कोरा कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसा. “चल, त्या चौथ्या होलचा नकाशा काढू.” टी कुठे होता, पहिला फटका कुठे पडला, झाड कुठलं, बंकर कुठे. प्रत्येक फटक्याला एक टिंब. तुम्ही मोजू नका, त्याला काढू द्या. मुलांना आपले फटके आश्चर्य वाटावं इतके आठवतात. बंकरपाशी तो थांबेल. तिथे दोनच गोष्टी होऊ शकतात. “इथे दोनदा वाळूच उडाली” असं सहज म्हणाला, तर नियम सांगा, की ते पण धरतात. तो स्वतःच म्हणेल, “म्हणजे सात?” आणि जर तो गप्प झाला, पेन्सिल खाली ठेवली, तर त्याला माहीत होतं. मग एवढंच विचारा, “पाच लिहावंसं वाटलं तेव्हा मनात काय होतं?” आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. बाबांनीही तिथे मध्येच बोलू नये. उत्तर ‘बाबा रागावतील’ असं आलं, तर ते बाबांनी ऐकणं फार गरजेचं आहे, आणि त्या क्षणी त्यांनी त्याला जवळ घेणं त्याहून गरजेचं.

मग पुढच्या वर्गाच्या आधी पंधरा मिनिटं तिघांनी मिळून कोचला भेटा. बोलायचं तुम्ही किंवा बाबांनी. “चौथ्या होलवर मोजणी चुकली, सात होते, कार्ड ३५ चं हवं.” मुलाला एकच काम, पदक स्वतःच्या हाताने द्यायचं. त्याला काही बोलावंसं वाटलं तर बोलेल, नाही वाटलं तर नको. पुढे काय करायचं ते आयोजक ठरवतील. एक मात्र कोचला जरूर सांगा. मोठ्यांच्या स्पर्धेत खेळाडू आपलं कार्ड एकटा लिहीत नाही. बरोबरचा दुसरा खेळाडू लिहितो आणि शेवटी दोघं सही करतात. मग आठ वर्षांच्या मुलाला एकट्यालाच मोजायला, लिहायला लावणं ही व्यवस्थेची चूक आहे. पुढच्या वेळी दोन-दोन मुलांनी एकमेकांचं कार्ड लिहावं आणि प्रत्येक होल संपला की दोघांनी आकडा मोठ्याने म्हणावा. हे इतर पालकांनीही आपापल्या ठिकाणी सुचवावं.

मोजणी मोठ्यांचीही चुकते. रोबेर्तो दे विसेंझो नावाचे अर्जेंटिनाचे फार मोठे गोल्फपटू होते. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस, नेमका त्यांचा ४५ वा वाढदिवस. सतराव्या होलवर त्यांनी तीन फटके घेतले, पण कार्ड लिहिणाऱ्या सहखेळाडूने चार लिहिले आणि दे विसेंझोंनी न तपासता सही केली. नियम असा की खऱ्यापेक्षा जास्त आकड्यावर सही झाली तर तोच आकडा कायम. त्या एका फटक्याने विजेतेपदासाठीची प्लेऑफ, म्हणजे बरोबरी झाल्यावरची निर्णायक लढत, हुकली. कमी आकड्यावर सही झाली असती तर थेट बाद. ही गोष्ट मुलाला जरूर सांगा, पण आठवडाभर जाऊ द्या आणि धाक म्हणून सांगू नका. कार्ड तपासणं हासुद्धा खेळातला एक फटकाच आहे, एवढं त्याच्या लक्षात येईल.

मोजायला त्याच्या बॅगेला दहा मण्यांची एक माळ बांधा. एक फटका, एक मणी सरकवायचा. वाळू उडाली तरी मणी. आजीच्या जपमाळेसारखं. बोटांना काम मिळालं की डोक्यावरचा भार उतरतो.

आणि आकडे मुळात एवढे मोठे का होतात, तेही बघा. तुमच्या मुलाचा अगदी झकास बसलेला फटका समजा ७० मीटर जातो. मोठ्यांचा चार पारचा, म्हणजे चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत संपवावा असा, होल तीनशे मीटरच्या पुढे सहज असतो. म्हणजे एकही चूक न करता ग्रीनजवळ पोचायलाच त्याला पाच फटके हवेत. हे आठ वर्षांच्या पोराला थोरल्या भावाच्या चपला घालून पळायला लावण्यासारखं आहे. सरावाच्या दिवशी त्याचा टी पुढे आणा. दीडशे मीटरवर बॉल ठेवा, तिथून चार पार. सहा होल जड जात असतील तर तीनच खेळा. एका होलला जास्तीत जास्त आठ, आठ झाले की बॉल उचलायचा आणि आठ लिहायचे. ही काही पोरासोरांची सवलत नव्हे. २०१९ पासून गोल्फच्या नियमांतच कमाल फटक्यांची मर्यादा घालून खेळायचा प्रकार आहे. मोठ्यांच्या हँडिकॅपलाही, म्हणजे खेळाच्या कुवतीप्रमाणे मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीलाही, ५४ पर्यंत मुभा आहे, म्हणजे १८ होलमध्ये दर होलला तीन फटके माफ. लिंबूटिंबूची सोय या खेळाने मोठ्यांसाठीसुद्धा ठेवली आहे, फक्त ती कार्डावर उघडपणे लिहिलेली असते.

आता खर्चाचं. “एवढे पैसे ओततोय” हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. एक विचारते, ते त्याच्यासमोरही बोललं जातं का? जात असेल तर आजपासून बंद. आठ वर्षांच्या मुलाला कर्ज फेडायचं एकच साधन दिसतं, पदक. खर्च खरंच जड होत असेल तर तो कमी करा, लाज वाटू देऊ नका. बॅगेत चौदा स्टिका चालतात ही वरची मर्यादा आहे, सक्ती नव्हे. या वयाला एक पटर (पटिंगची स्टिक), दोन-तीन आयर्न (धातूच्या पात्याच्या स्टिका) आणि एखादी लांब मारायची स्टिक पुष्कळ झाली. उंची वाढली की ती बदलावीच लागते, म्हणून मोठ्या मुलांच्या जुन्या घ्या. फक्त मोठ्यांची स्टिक कापून देऊ नका. ती लांबीने बेतते, पण वजनाने आणि कडकपणाने मोठ्यांचीच राहते आणि पोर मनगटं पिळून मारायला लागतं. ज्यांच्याकडे आजोबांसारखी ओळख किंवा क्लबची मेंबरशिप नाही, त्यांनी बादलीवर बॉल मिळतात अशा सरावाच्या रेंजवर सुरुवात करावी. नवी मुंबईत खारघरला सिडकोने उभारलेला कोर्स मेंबर नसलेल्यांनाही पैसे भरून खेळता येतो. आणि पटिंग तर घरच्या सतरंजीवरही होतं. खरा होल १०८ मिलिमीटर रुंद असतो, साधारण तेवढ्या तोंडाची वाटी आडवी ठेवा. होलजवळून सुरुवात करून हळूहळू लांब जाणं मुलांना मानवतं, कारण बॉल आत पडल्याचा आवाज लवकर ऐकू येतो.

दुसऱ्या पानावर तुम्ही आपली गोल्फपटू अदिती अशोक हिचं नाव घेतलंय. घ्यावंच असं नाव आहे. पण तिच्या गोष्टीतलं मला काय आवडतं सांगू? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिची बॅग वडिलांनी उचलली आणि टोकियोत आईने. टोकियोत तिचं कांस्यपदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. चार दिवस आई बॅग खांद्यावर घेऊन तिच्याशेजारी चालत होती. फटका मारायचा तो मुलीने. आईबापांना या खेळात अशी जागा आहे, कुंपणाबाहेरून “डोकं खाली, डोकं खाली” ओरडण्यापेक्षा फार चांगली. तेव्हा घरात एक करार करा. स्विंगबद्दल फक्त कोच बोलतील. बाबांनी बॅग धरायची, पाणी द्यायचं, बंकरमधून निघाल्यावर त्याच्याबरोबर वाळू रेकने सारखी करायची. प्रत्येक फटक्याचा व्हिडिओ काढणंही थांबवा, मोबाइल वर उचललेला दिसला की मूल बॉलकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतं. दोन गोष्टींत मात्र मोठ्यांनी कडक राहावं. कुणी स्टिक फिरवत असेल तर मुलं लांब, मागे नको आणि पुढेही नको. आणि वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडलं की खेळ तिथेच सोडून इमारतीत, झाडाखाली थांबायचं नाही.

आजोबांना सांगणं तुम्हाला सगळ्यात अवघड वाटतंय, हे कळलं मला. ते तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाने सांगावं. आणि ग्रुपवर खुलासे करत बसायची काही गरज नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गोल्फ खेळलाय त्याला ‘कार्ड चुकलं होतं, दुरुस्त केलं’ एवढं वाक्य पुरतं, त्याची किंमत त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. मला तर वाटतं, ते नातवाला घेऊन एक राउंड खेळतील. त्यांना एवढीच विनंती करा की त्या दिवशी आपलेही फटके मोठ्याने मोजा. नातवाला मणी सरकवू द्या.

येत्या शनिवारी गाडीत बसल्यावर ताकाची बाटली पुढे करा. काही विचारू नका. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर खिडकीबाहेर बघू द्या.

आणि कोचला भेटून आलात की मला दोन ओळी जरूर लिहा. त्या मुलीला तिचं पदक मिळालं का, ते मला कळायला हवंय.